द्राक्षाचा रीफर भरण्याआधी मण्याचं तापमान बघा

रीफर, म्हणजे स्वतःचं कूलिंग मशीन असलेला कंटेनर, माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवतो. नाशिकहून न्हावाशेवामार्गे युरोपला द्राक्ष पाठवताना हे पक्कं डोक्यात ठेवा. प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे भरण्याआधी माल गार करायच्या खोलीत, मण्याच्या आतलं तापमान 0 ते 1 अंशाच्या आसपास येईपर्यंत लोडिंग सुरू करू नका, ट्रेलरवाला कितीही घाई करो. त्या खोलीच्या डिस्प्लेवर शून्य दिसतं म्हणून विश्वासून राहू नका. पॅलेटच्या मधल्या पेट्यांतले मणी शेतातली ऊब बराच वेळ धरून असतात. प्रोब थर्मामीटर त्याच मण्यांत खुपसा.

कंटेनरचं दार उघडं असेल तोवर त्याचं कूलिंग युनिट बंद ठेवा. चालू राहिलं तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि कॉइलवर बर्फ धरतो. गार हवा खाचांच्या फरशीतून येते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून परत जाते. म्हणून भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एकही पेटी नको. दाराजवळची फरशी उघडी उरली तर पुठ्ठ्याने झाका, नाहीतर हवा मालात न शिरता तिथूनच निसटते. हे काम दोन मिनिटांचं, पण नेमकं तेच राहून जातं.

फ्रोझन कोळंबीसाठी उणे 18 अंश आणि व्हेंट, म्हणजे बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडप, पूर्ण बंद. ताज्या मालाचं व्हेंट किती उघडायचं ते बुकिंगमध्येच लेखी द्या.

डेटा लॉगर, म्हणजे वाटेतलं तापमान नोंदवणारं यंत्र, दाराजवळच्या पॅलेटमध्ये ठेवा. माल तापायला लागतो तो बहुतेक वेळा तिथूनच.