टेलीफोटो झूमसाठी बॉडी: उजव्या हाताला विचारून घ्या

दूरचं जवळ आणणारी लांब झूम लेन्स (टेलीफोटो) घ्यायची ठरली की पाठोपाठ प्रश्न येतोच, "आता हलकी कॅमेरा बॉडी कोणती घेऊ?" विचारणाऱ्याचा हिशोब साधा असतो. लेन्स जड आहे, मग निदान बॉडी तरी हलकी असू दे. हा हिशोब एकदा आकड्यांत मांडून बघा. सोनीची २००-६०० मिलिमीटर झूम कॉलरचा (ट्रायपॉडसाठी लेन्सभोवती असलेल्या कड्याचा) पाय काढूनसुद्धा २,११५ ग्रॅम भरते. तिच्यामागे सोनीचीच छोटी बॉडी ए६४०० लावली तर बॅटरी आणि कार्ड धरून आणखी ४०३ ग्रॅम, मोठी ए७ फोर लावली तर ६५८. म्हणजे एक जोडी अडीच किलोची आणि दुसरी पावणेतीनची. वाचलं काय, तर पाव किलो. आणि त्या बदल्यात गेली ती भरीव ग्रिप, म्हणजे उजव्या हाताने धरायचा उंचवटा.

मी पक्ष्यांचे फोटो काढते, तेही बहुतेक हातात धरूनच. बोटं आखूड, नाकावर चष्मा. त्यामुळे बॉडी निवडताना वजन मी सर्वांत शेवटी बघते. कारण एवढ्या लेन्सचं ओझं बॉडीवर नसतंच, ते असतं डाव्या तळहातावर. तळहात वर करून लेन्सखाली, तोल साधेल तिथे ठेवायचा, कोपर बरगडीला टेकवायचं, आणि उजवा हात जवळजवळ मोकळा सोडायचा. तो मोकळा असेल तरच तर्जनी शटर अलगद दाबते आणि अंगठा बटणं शोधत बसत नाही. ग्रिप उथळ असली की उजव्या हाताची नकळत मूठ वळते. वळलेल्या मुठीतून शटर दाबलं की धक्का बसतो, आणि ६०० मिलिमीटरला, म्हणजे झूमच्या लांब टोकाला, तो फोटोत दिसतो.

तेव्हा बॉडी बघायला जाताना स्वतःची लेन्स बरोबर न्या. दुकानातल्या छोट्या लेन्सवर सगळ्याच बॉड्या छान वाटतात. हूड लावा, बॅटरी घाला आणि झूम पूर्ण लांब टोकाला न्या. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स असेल, उदाहरणार्थ कॅननची आरएफ १००-५००, तर लांब टोकाला तोल पुढे सरकतो आणि बॉडी मागून हलकी पडते. सोनीची २००-६०० किंवा निकॉनची १८०-६०० आतल्या आत झूम होते, तिचा तोल फारसा हलत नाही.

आता ग्रिप धरा आणि दोन ठिकाणं तपासा. पहिलं म्हणजे बोटांची पेरं आणि लेन्सची नळी यांच्यामधली फट. जाड लेन्स लावली की ही फट बारीक होते, आणि मधल्या बोटाचं पेर नळीला घासू लागलं तर तासाभरात वैताग येतो. थंडीत हातमोजे घालून काढणार असाल तर हातमोजे घालूनच बघा.

दुसरं ठिकाण म्हणजे करंगळी. ती ग्रिपवर आहे की खाली लोंबकळते? कागदावरच्या उंचीवरून थोडा अंदाज येतो. ए६४००ची उंची ६६.९ मिलिमीटर आहे, ए७ फोरची ९६.४. पण दुसऱ्या आकड्यात व्ह्यूफाइंडरचा (डोळा लावायच्या खिडकीचा) उंचवटाही धरलेला असतो, त्यामुळे बोटांना तेवढी जागा मिळते असं समजू नका. स्वतःच्या चार बोटांची रुंदी एकदा पट्टीने मोजून ठेवा. करंगळीपुरतीच जागा कमी पडत असेल तर खालून स्क्रूने बसणारी जाड प्लेट पुरते, त्यासाठी बॉडी बदलायला नको. बॅटरी ग्रिपच्या (खालून जोडायच्या, जादा बॅटरीच्या उभ्या ग्रिपच्या) मोहात मात्र मी पडत नाही. मैदानावरचे खेळाडू उभ्या चौकटीत काढणाऱ्याला ती हवीच. माझे पक्षी बहुतेक आडव्या चौकटीत बसतात, तिथे ते वजन फुकट वाहायचं.

अंगठ्याकडे लोक फार कमी लक्ष देतात. टेलीफोटोवर मी फोकस शटरवरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर ठेवते, म्हणजे दिवसभर दाबून ठेवायचं बटण ते. अंगठा सहज विसावतो त्याच जागी ते असलं पाहिजे. तिथून फोकस पॉइंट हलवायच्या जॉयस्टिकपर्यंत अंगठा सरकवताना बाकीच्या बोटांची पकड सैल करावी लागली, तर ती बॉडी तुमच्या हाताची नाही. काही बॉड्यांना जॉयस्टिकच नसते, ए६४०० किंवा निकॉनची पहिली झी५० बघा. कॅननच्या आर७वर ती वेगळ्याच जागी आहे, व्ह्यूफाइंडरच्या शेजारी, भोवती गोल डायल. ही रचना काहींना लगेच सरावाची होते, काहींचा अंगठा कायम जुन्या जागीच जात राहतो. आता कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपणहून पकडतो हे खरं. पण फांद्यांच्या जाळीत तो पुढची काडीच पकडून बसला की जॉयस्टिकचीच आठवण येते.

डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांनी आणखी एक तपासावं, अंगठा गालात रुततो का. चष्मेवाल्यांनी तपशिलात आय पॉइंटचा आकडा बघावा, म्हणजे डोळा काचेपासून किती दूर असूनही पूर्ण चौकट दिसते तो. मला तो २१-२२ मिलिमीटरच्या खाली गेला की चौकटीचे कोपरे कापलेले दिसतात, आणि उडता पक्षी नेमका कोपऱ्यातूनच आत येतो. सलग फोटो काढताना व्ह्यूफाइंडर मध्येच काळा पडतो का, हेही चालत्या माणसामागे कॅमेरा फिरवून बघून घ्या.

मग खरी परीक्षा. लांबचं काहीतरी धरून कॅमेरा दोन-तीन मिनिटं डोळ्याला लावून ठेवा. डोळा न काढता फोकस पॉइंट हलवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) बदला. खाली ठेवल्यावर कुठे दुखतंय ते नीट बघा. डावा खांदा किंवा डावा दंड भरून आला असेल तर ते लेन्सचं वजन आहे, त्याला कुठल्याही बॉडीचा उतारा नाही. उजवं मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर दोष बॉडीचा.

डावा हात थकत असेल तर बॉड्या बघत फिरण्यात अर्थ नाही, जोडीच बदला. कॅननची आर७ बॅटरी आणि कार्डासह ६१२ ग्रॅम, आरएफ १००-४०० ६३५ ग्रॅम. मिळून सव्वा किलो, आणि आर७च्या लहान सेन्सरच्या १.६ पट क्रॉपमुळे लांब टोकाला फुल फ्रेमवरच्या (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) ६४० मिलिमीटरइतकी चौकट. पॅनासॉनिकची आणखी लहान सेन्सरची जी९ आणि १००-३०० घेतली तर १,१७८ ग्रॅममध्ये ६०० मिलिमीटरची चौकट मिळते. किंमत प्रकाशात मोजावी लागते. कॅननची ती १००-४०० लांब टोकाला एफ/८ आहे, म्हणजे प्रकाश कमी आत घेते, आणि पहाटेच्या सावलीत आयएसओ भराभर वर जातो. मी तरीही म्हणेन, ज्याचा खांदा कुरकुरतो त्याने फोटोत थोडा नॉइज (दाणेदारपणा) सोसावा.

उलट मोनोपॉडवरच (एका पायाच्या स्टँडवर) काम करणार असाल तर बॉडीच्या वजनाची चर्चाच संपते. निकॉनची झी९ १,३४० ग्रॅम आहे, झी८ ९१०. हातात धरायला मी डोळे झाकून झी८ घेईन, पण मोनोपॉडवर झी९ची उभी ग्रिप आणि मोठी बॅटरी सोयीची.

बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनच्या (सेन्सर सरकवून हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेच्या) आकड्यांवर भाळू नका. फोकल लेंग्थ जितकी जास्त तितकं सेन्सरला जास्त सरकावं लागतं, आणि सरकायला जागा मोजकीच असते. लांब टोकाला मुख्य काम लेन्समधली यंत्रणाच करते. आणि पक्षी हलला तर दोन्हींचा उपयोग नाही, तिथे शटर स्पीडच वाढवावा लागतो.

पट्टा बॉडीच्या कड्यांना न लावता लेन्सच्या कॉलरला लावा, म्हणजे सगळं ओझं माउंटवर (लेन्स बॉडीला जोडते त्या जागी) येणार नाही. चालताना कॉलरचा पाय फिरवून वर घ्या आणि त्यालाच मुठीत धरा. त्यासाठी कॉलरचा स्क्रू आधी घट्ट आहे ना ते बघा.