अमेरिकेतील प्रवेश अर्ज आणि वंशाचा रकाना

मुलीने 2023 च्या ऑगस्टमध्ये कॉमन अ‍ॅप (एकाच वेळी अनेक महाविद्यालयांना पाठवता येणारा सामाईक प्रवेश अर्ज) भरायला घेतले, तेव्हा आम्ही सर्वांत जास्त अडखळलो ते वंशाच्या प्रश्नापाशी. जात वैधता प्रमाणपत्रासाठी पडताळणी समितीकडे खेटे घालणारे मित्र पुण्यात पाहिलेले असल्याने, येथेही दाखला मागतील आणि एका खुणेवर प्रवेश अडेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो प्रश्न ऐच्छिक होता, पुरावा कोणी मागितला नाही आणि एकाहून अधिक गट निवडण्याचीही मुभा होती. आपला गट ‘एशियन’ आणि त्याखाली ‘इंडिया’. ‘अमेरिकन इंडियन’ म्हणजे येथील मूळ रहिवासी. (1970 च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली होती, ‘एशियन इंडियन’ हा पर्याय 1980 मध्ये आला, तेव्हा या रकान्यांना फार पवित्र मानू नये.)

येथील मराठी मंडळातील काही पालकांनी, प्रवेशात तोटा होईल या भीतीने, आशियाई असल्याचे लपवण्याचा सल्ला दिला. तो मला हास्यास्पद वाटला, कारण त्याच अर्जात आमचे आडनाव आणि आम्हा दोघांची पुण्यातील महाविद्यालये लिहिलेली होती. रकाना कोरा ठेवणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. खोटी माहिती देणे मात्र मिळालेला प्रवेशही घालवू शकते.

29 जून 2023 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत, केवळ वंशाच्या आधारे अर्जदाराला झुकते माप देणे घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर या रकान्यातील उत्तर प्रवेश समितीपासून झाकून ठेवण्याची सोय महाविद्यालयांना मिळाली. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः लिहिले, तर ते त्याच्या स्वभावगुणांशी किंवा धैर्याशी जोडून विचारात घेता येते, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात नमूद केले. म्हणून खरा वेळ अर्जातील निबंधाला द्यावा. मुलीचा पहिला मसुदा गणेशोत्सव आणि ढोल-ताशांनी भरलेला होता. तो कोणत्याही मराठी मुलीचा असू शकला असता. दुसऱ्यात तिने औषधांच्या दुकानातला अनुभव लिहिला: तेथील माणूस आजीकडे न पाहता नातीशीच बोलत असे, म्हणून तिने गोळ्यांचा देवनागरी तक्ता केला आणि त्याला प्रश्न स्वतः विचारायला आजीला शिकवले.

भारतातून थेट एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर येणाऱ्यांची गणना सरकारी आकडेवारीत वंशानुसार होत नाही. ते ‘अनिवासी’ या वेगळ्या गटात मोडतात. त्यांनी या रकान्यापेक्षा आर्थिक कागदपत्रांकडे आधी पाहावे.