मौलाना आझादांवर चरित्रलेख लिहायचा असेल तर

११ नोव्हेंबरचा राष्ट्रीय शिक्षण दिन जवळ आला की शाळा-महाविद्यालयांच्या अंकांसाठी मौलाना अबुल कलाम आझादांवर लेख मागवले जातात. बहुतेकांचा साचा ठरलेला असतो : मक्केत जन्म, काँग्रेसचं अध्यक्षपद, पहिले शिक्षणमंत्री, भारतरत्न. यात आलिम, म्हणजे इस्लामी धर्मविद्येचे जाणकार आझाद कुठेच दिसत नाहीत. कुराणाचा भाष्यकार आणि राजकारणी अशी दोन वेगळी माणसं नव्हती, पहिल्यातूनच दुसरा घडला. तो दुवा वाचकाला दिसला तर लेख जमला.

हजार शब्दांचा लेख असेल तर अशी वाटणी करा : जन्म आणि शिक्षण दीडशे, त्यांच्या ‘अल-हिलाल’ साप्ताहिकापासून रांचीतल्या नजरकैदेपर्यंत तीनशे, १९२० ते १९४२ अडीचशे, अहमदनगरचा तुरुंगवास दीडशे, मंत्रिपद दीडशे. एरवी निम्मा लेख मंत्रिपदावर खर्ची पडतो आणि ‘अल-हिलाल’च्या वाट्याला एक ओळ येते.

सुरुवातीलाच तारखांचा पेच येतो. जन्मतारीख सर्वत्र ११ नोव्हेंबर १८८८ अशी छापली जाते आणि राष्ट्रीय दिनही त्याच दिवशी असतो. आझादांनी स्वतः मात्र हिजरी १३०५ चा ज़िलहिज्ज महिना दिला आहे. तो १८८८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. म्हणून ‘रूढ जन्मतारीख’ असा शब्द वापरा. कुटुंब मक्केहून कोलकात्याला कधी आलं याबाबतही १८९० आणि १८९८ अशी दोन सालं आढळतात. छोट्या लेखात ‘लहानपणीच’ एवढं पुरतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक शिक्षणाच्या परिच्छेदात असते. ‘कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकले’ हे वाक्य दिसलं की खोडा. १९४० च्या सुमारास गांधीजींचे सचिव महादेव देसाईंनी लिहिलेल्या चरित्रातून ते पसरलं आणि आझादांनी ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या आत्मकथनात ते स्पष्टपणे दुरुस्त केलं. त्यांचं शिक्षण घरीच झालं, आधी वडिलांकडे आणि मग घरी येणाऱ्या उस्तादांकडे. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, फ़िक़्ह (इस्लामी धर्मशास्त्रीय कायदा) असा दर्स-ए-निज़ामीचा, म्हणजे मदरशांतला पारंपरिक अभ्यासक्रम त्यांनी सोळाव्या वर्षाच्या आसपास पुरा केला. वडील मौलाना खैरुद्दीन हे पीर (सूफी गुरू) होते, त्यांचे मुरीद (शिष्य) मोठ्या संख्येने होते. वारशाने आलेली ती गादी मुलाने नाकारली. सर सय्यद अहमद खान वाचल्यावर परंपरेने दिलेल्या उत्तरांवरचा त्यांचा विश्वास डळमळला होता. ‘आझाद’ हे टोपणनाव याच काळातलं. हे दोन-तीन वाक्यांत आलंच पाहिजे, नाहीतर पुढचं बंड अचानक उगवल्यासारखं वाटतं.

‘अल-हिलाल’ला जागा द्या. १३ जुलै १९१२ रोजी कोलकात्यातून हे उर्दू साप्ताहिक सुरू झालं. दोन वर्षांत आठवड्याला २६,००० प्रती खपत होत्या, असं आझाद सांगतात. हा आकडा त्यांच्या नावावरच द्या. सरकारने प्रेस कायद्याखाली आधी २,००० आणि मग १०,००० रुपयांचा जामीन मागितला, दोन्ही रकमा जप्त झाल्या. मग ‘अल-बलाग़’ हे साप्ताहिक निघालं. १९१६ मध्ये बंगाल सरकारने त्यांना हद्दपार केलं. पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत आणि मुंबई इथे आधीच प्रवेशबंदी होती. उरला बिहार, म्हणून रांची. तिथे काही महिन्यांनी नजरकैद झाली, ती १९१९ अखेरपर्यंत टिकली. याच काळात त्यांनी तिथे मदरसा उभा केला आणि ‘तज़किरा’ हे पुस्तक लिहिलं.

या भागात हमखास निसटतो तो मुद्दा असा की ‘अल-हिलाल’मधला इंग्रजविरोध कुराणाच्या आधाराने मांडलेला होता. गुलामी पत्करणं हे श्रद्धेशी विसंगत आहे, हा त्याचा गाभा. त्या काळच्या आझादांना थेट ‘सेक्युलर’ म्हणणं म्हणजे नंतरचा रंग आधीच्या चित्रावर फासणं. १९२०-२१ मध्ये भारतातल्या मुस्लिमांसाठी एक इमाम-उल-हिंद (साऱ्या हिंदुस्थानासाठी एक धार्मिक प्रमुख) असावा असा प्रयत्नही त्यांनी केला आणि तो उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मतभेदांत अडकला. पुष्कळ लेखक हा प्रसंग अडचणीचा म्हणून गाळतात. गाळू नका, आलिमाची महत्त्वाकांक्षा इथेच उघड दिसते. १९२४ मध्ये तुर्कांनीच खिलाफत (खलिफापद) बरखास्त केल्यावर ती वाचवण्यासाठी भारतात चाललेल्या खिलाफत चळवळीच्या राजकारणाचा पायाच गेला. तोवर गांधीजींशी जुळलेलं नातं, १९२३ च्या दिल्ली विशेष अधिवेशनाचं अध्यक्षपद (वय पस्तिशीच्या आत) आणि पुढे ‘तर्जुमान-उल-कुरआन’ या कुराणभाष्याचे १९३१ व १९३६ चे खंड हे सगळं एका सलग ओघात मांडा. कुराणातला ईश्वर हा ‘रब्ब-उल-आलमीन’, म्हणजे साऱ्या विश्वांचा पालनकर्ता आहे, यावर त्या भाष्यात भर आहे. मार्च १९४० च्या रामगढ अधिवेशनातलं अध्यक्षीय भाषण त्याच्या शेजारी ठेवून वाचा. आपण मुसलमान आहोत आणि अविभाज्य भारतीय राष्ट्रीयत्वाचा भागही आहोत, असं ते दोन्ही अभिमानाने सांगतात. लेखाचा कणा हा आहे.

अहमदनगरसाठी मराठी वाचकाकडे जवळचा धागा आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक झाल्यावर काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण भुईकोट किल्ल्यात आणले गेले. त्यांत नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देव होते. आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, हे विसरू नका. इथे लिहिलेली ‘गुबार-ए-ख़ातिर’मधली पत्रं स्नेही हबीबुर्रहमान ख़ान शेरवानींना उद्देशून आहेत, पण तुरुंगातून ती धाडलीच गेली नाहीत. १९४६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पहाटे तीन-चारला उठून स्वतः चहा करणं, मोगऱ्याच्या वासाचा चिनी चहा आणि त्यात दूध घालण्याची सवय लावल्याबद्दल इंग्रजांवरचा राग, असा सगळा तपशील त्यात आहे. एखादा उचला, दोन नकोत. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी ज़ुलेख़ा बेगम कोलकात्यात वारल्या. आजारी पत्नीच्या भेटीसाठी सरकारकडे सवलत मागायला आझादांनी नकार दिला होता. हा प्रसंग कोरड्या वाक्यांत लिहा, विशेषणं घातली की तो बिघडतो. साहित्य अकादमीची ‘गुबार-ए-ख़ातिर’ची मालिक राम संपादित आवृत्ती मिळाली तर त्यातल्या शेरांचे मूळ कवी सापडतात.

फाळणीवर लिहिताना ‘इंडिया विन्स फ्रीडम’ जपून वापरा. आझाद उर्दूत बोलत आणि हुमायून कबीर इंग्रजीत लिहीत, शिवाय हे सांगणं घटनांनंतर दशकभराने झालं. तीसेक पानं मोहोरबंद होती, ती १९८८ मध्ये उघडली. म्हणून १९५९ ची आवृत्ती आहे की नंतरची पूर्ण, ते बघून घ्या. १० जुलै १९४६ च्या मुंबईतल्या नेहरूंच्या पत्रकार परिषदेने कॅबिनेट मिशन योजना (भारत अखंड ठेवून सत्तांतर करण्याचा ब्रिटिश प्रस्ताव) बिघडली, हे आझादांचं मत आहे. ‘आझादांच्या मते’ हे शब्द गाळले की ते इतिहासाचा निकाल होऊन बसतं.

मंत्रिपदाच्या भागात क्रियापदं तपासा. ‘आयआयटी, यूजीसी आणि तिन्ही अकादम्या स्थापन केल्या’ हे ढोबळ झालं. आयआयटीची कल्पना १९४६ च्या, नलिनी रंजन सरकार यांच्या समितीची होती, आझादांनी १९५१ मध्ये खरगपूरचं उद्घाटन केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाचं काम १९५३ मध्ये सुरू झालं, कायद्याने दर्जा १९५६ मध्ये मिळाला. संगीत नाटक अकादमी १९५३ ची, साहित्य आणि ललित कला १९५४ च्या. लोकसभेवर ते १९५२ मध्ये रामपूरहून आणि १९५७ मध्ये गुडगावहून गेले. निधन २२ फेब्रुवारी १९५८. भारतरत्न १९९२ मध्ये, त्यापुढे ‘मरणोत्तर’ हा शब्द हवाच.