ऑब्जेक्ट उशिरा बनवा, पण एकदाच

शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्यासाठी मी बिलिंग लिहिलं होतं. सकाळी सौदे सुरू झाले की कधीकधी एकच पावती नंबर दोघांना जायचा. नंबर देणारा ऑब्जेक्ट पहिल्या मागणीला बनायचा. दोन काउंटरची मागणी सर्व्हरवर एकदमच आली, की दोन्ही थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) तो ऑब्जेक्ट ठेवायचं फील्ड 'नल', म्हणजे रिकामं, दिसायचं आणि ऑब्जेक्ट दोन व्हायचे; दोघे आपापले नंबर मोजायचे.

जावात यावर सगळ्यात सरळ उपाय म्हणजे आत एक छोटा स्टॅटिक होल्डर क्लास ठेवा आणि त्याच्या स्टॅटिक फायनल (क्लासभर एकच, न बदलणाऱ्या) फील्डमध्ये ऑब्जेक्ट बनवा. होल्डरला पहिल्यांदा हात लागेपर्यंत काहीच बनत नाही, आणि लागला की जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) स्वतः लॉक लावून, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडून, ते एकदाच बनवतं. मात्र त्या ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (तो बनवणाऱ्या कोडमध्ये) डेटाबेस उघडू नका. तिथे एक्सेप्शन (चूक) आलं, तर तो होल्डर क्लास पुन्हा इनिशियलाइज (सुरुवातीला तयार) होत नाही. सर्व्हर रीस्टार्टच करावा लागतो.

होल्डरऐवजी दोनदा तपासायची पद्धत (लॉकआधी एकदा, लॉकच्या आत पुन्हा एकदा) हवीच असेल, तर फील्ड व्होलाटाइल करा, म्हणजे एका थ्रेडने केलेला बदल दुसऱ्याला नीट दिसतो. नाहीतर दुसऱ्या थ्रेडच्या हाती अर्धवट ऑब्जेक्ट लागू शकतो. आणि हो, ऑब्जेक्ट एकच असला तरी नंबर वाढवायला अ‍ॅटॉमिक लाँग (दोन थ्रेडना तोच आकडा न देणारा मोजणी-आकडा) किंवा लॉक वेगळा लागतोच.