जुन्या लॅपटॉपचं अपडेट अडकलं? आधी या चुका टाळा

विंडोज १० चं अपडेट २७ टक्क्यांवर थांबलं की पहिला हात पॉवर बटणावर जातो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असली तर एकच आकडा तासभर जागचा हलत नाही, त्यात नवल काही नाही. आकडा सोडा, हार्ड डिस्कचा लाईट पाहा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे, दोन-तीन तास द्या. लाईट तासभर पूर्ण बंद, आणि कॅप्स लॉक दाबूनही त्याचा दिवा लागत-विझत नाही, तेव्हाच मशीन गोठलं असं धरा.

मग आधी यूएसबीला लावलेलं सगळं काढा. दाखले-सातबारे काढून देणाऱ्या सेवा केंद्रातल्या लॅपटॉपला डिजिटल सहीचं डोंगल, अंगठ्याचं मशीन, प्रिंटर कायम लटकलेले असतात आणि रिस्टार्टच्या वेळी तेच आडवे येतात. आता पॉवर बटण १० सेकंद दाबून ठेवा, पुन्हा चालू करा. बदल मागे घेत असल्याचा संदेश आला तर लॅपटॉपला अजिबात हात लावू नका. हेही बराच वेळ चालतं, आणि इथे पुन्हा बंद केलं तर विंडोज न उघडण्याची पाळी येते. तसं झालंच, तर लोगो दिसताच बंद करायचं, असं दोन-तीनदा करा. रिकव्हरीचा स्क्रीन येतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स या वाटेने शेवटचं क्वालिटी अपडेट, म्हणजे दर महिन्याला येणारं छोटं अपडेट, काढता येतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर लॅपटॉप इथे त्याची ‘रिकव्हरी की’ मागू शकतो, म्हणून ती आधीच वहीत लिहून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे लाईनच्या भरवशावर रात्री अपडेट लावून झोपणं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी पंधरा-वीस मिनिटांत मान टाकते. मध्येच लाईन गेली की फाईली अर्धवट लिहिल्या जातात. इन्व्हर्टरवर लावा. मे महिन्यात दुपारी तर नकोच. अकोला-चंद्रपूरकडच्या उन्हात, पंख्यात कापसाचे तंतू आणि धूळ बसलेला लॅपटॉप गादीवर ठेवला तर तापून आणखी मंद होतो. टेबलावर ठेवा, पण कुलरच्या ओल्या हवेसमोर नको.

डाउनलोडच अडकलं असेल तर घाबरायचं कारण नाही, रिस्टार्ट बिनधास्त करा. बहुतेकदा मोबाईलचा रोजचा दीड जीबी संपलेला असतो आणि स्पीड ६४ केबीपीएसवर आलेला असतो. नेट ठीक असूनही हलत नसेल तर ‘सर्व्हिसेस’ या विंडोजच्या यादीत ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ थांबवा. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन, त्यात डाउनलोड. फक्त त्याच्या आतलं सगळं डिलीट करा, मग रिस्टार्ट. तिथलाच विनएसएक्सएस फोल्डर विंडोजच्या स्वतःच्या फाईलींचा आहे, तो कितीही मोठा दिसला तरी हाताने पुसू नका.

एरर कोडच्या शेवटी ७००७० असेल तर जागा कमी आहे. मोठ्या अपडेटसाठी सी ड्राइव्हवर २० जीबी मोकळे हवेत. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेजमध्ये टेम्पररी फाईल्स साफ करा, पण तिथल्या ‘डाउनलोड्स’वर टिक नको. लोकांचे स्कॅन केलेले सातबारे आणि आधार तिथेच पडलेले असतात.

घड्याळही पाहा. लॅपटॉप बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा आतला छोटा सीमॉस सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, सर्व्हरचं सर्टिफिकेट जुळत नाही आणि अपडेट सुरूच होत नाही. सेल बहुधा सीआर २०३२ असतो. काही मॉडेलांत तो वायर जोडलेला येतो, तेव्हा जुना काढून दाखवूनच नवा घ्या.

आणि अपडेट मुळात येतच नसेल तर तो बिघाड नसेलही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नोंदणी केलेली नसेल तर दर महिन्याचं सुरक्षा अपडेट येणारच नाही, मग कितीही वेळा ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा.