दाढ काढल्यावर हिरडी सुजली, पू येतोय, मग काय करायचं?

दाढ काढल्यावर पहिले दोन-तीन दिवस दुखणारच, गाल थोडा सुजणार, थुंकीत गुलाबीसर रंग दिसणार, हे नॉर्मल आहे, लगेच घाबरू नका. बघायचं एवढंच की दुखणं रोज थोडं थोडं उतरतंय ना. उतरत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत चढलं, ठणका लागला, सूज वाढायला लागली, तोंडात घाण चव येतेय, हिरडीतून पू येतोय किंवा ताप आलाय, तर इन्फेक्शन झालंय असं धरून चाला.

पहिलं काम, ज्याने दाढ काढली त्याच डेंटिस्टला फोन करा आणि आजच दाखवायचंय असं सांगा. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका, प्लीज. पू आत साठला असेल तर तो साफ करून काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी दुखणं दबतं आणि कोर्स संपला की परत वर येतं. शिवाय दरवेळी ते इन्फेक्शन असतंच असं नाही, कधी खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाते आणि आतलं हाड उघडं पडतं, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, त्यात पू नसतो पण कळ पार कानापर्यंत जाते. खालच्या अक्कलदाढेला आणि सिगरेट ओढणाऱ्यांना हे जास्त होतं, आणि तिथे डॉक्टर खड्डा धुऊन औषध भरतात तेव्हाच खरा आराम पडतो.

नंबर लागेपर्यंत घरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू करा. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, जेवल्यावर तर नक्कीच. जोरजोरात खळखळायचं नाही, पाणी तोंडात धरून मान इकडेतिकडे हलवायची आणि हळूच सोडून द्यायचं. (दाढ काढून 24 तास झाले नसतील तर गुळण्या अजिबात नकोत, गुठळी सुटते.) बाकीचे दात मऊ ब्रशने घासत राहा, दुखतंय म्हणून ब्रश बंद केला की घाण अजून साठते. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन माउथवॉश दिलं असेल तर ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून वापरा, आणि सांगितलेत तेवढेच दिवस, नाहीतर दातांवर तपकिरी डाग पडतात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. आयबुप्रोफेन मात्र अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा प्रेग्नन्सी असेल तर विचारल्याशिवाय नको. ऍस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवणं किंवा लवंगतेल तसंच जखमेवर ओतणं, दोन्हीने हिरडी भाजते. गरम शेकही मनाने देऊ नका. आणि मिश्री! घरातल्या मोठ्या माणसांना वाटतं मिश्री लावली की दाढ शांत होते, त्यांना प्रेमाने पण ठाम सांगा की तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो. नारळपाणी प्यायचं तर ग्लासात ओतून, स्ट्रॉने ओढायचं नाही. खायला पेज, मऊ भात, गार दही.

डॉक्टरांकडे गेलात की पेनिसिलिनची ऍलर्जी, डायबेटिस आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या न विचारता सांगून टाका. शुगर जास्त असेल तर हिरडी लवकर भरत नाही, त्यामुळे त्या दिवसांत शुगर चेक करत राहा. मेट्रोनिडाझोल नावाचं अँटिबायोटिक दिलं असेल तर दारू पूर्ण बंद. बरं वाटलं म्हणून कोर्स मधेच सोडू नका.

तोंड उघडत नाही, गिळता येत नाही म्हणून लाळ गळतेय, जिभेखाली किंवा हनुवटीखाली घट्ट सूज आली, सूज डोळ्याकडे चाललीय किंवा श्वास लागतोय, तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा नाहीतर 108 ला फोन करा.

खर्चामुळे अडून बसला असाल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर डेंटलही आहे. जाताना आधीचा एक्स-रे आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा, आणि ओपीडी सकाळची असते म्हणून लवकर निघा.