चारिझार्डचा डेक बसवताना
पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळात डेक म्हणजे ६० पत्त्यांची गड्डी. तीत चारमँडर ४, त्याची पुढची पायरी चारमेलियन २, शेवटची पायरी चारिझार्ड ३ आणि रेअर कँडी (मधली पायरी गाळून चारमँडरचा थेट चारिझार्ड करणारा पत्ता) ४ ठेवा. पण बेसिक, म्हणजे थेट मांडता येणारे पोकेमॉन, फक्त ते ४ चारमँडरच असतील, तर पहिल्या ७ पत्त्यांत दहापैकी सहा वेळा एकही बेसिक येत नाही. मग पुन्हा पिसा, वर समोरच्याला जास्तीचा पत्ता ओढायची मुभा. म्हणून आणखी ६-७ बेसिक घाला, आगीचेच पाहिजेत असं नाही. त्याच पाळीत मांडलेल्या चारमँडरवर रेअर कँडी चालत नाही, हे पोट्टे हमखास विसरतात. उरलेल्या जागेत एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारे पत्ते) कमी, पत्ते ओढू देणारे ट्रेनर (मदतीचे पत्ते) जास्त. आठवडी बाजारातले चकचकीत सोनेरी पत्ते नकली असतात. पारावर खेळा, अधिकृत स्पर्धेत ते चालत नाहीत.